मंगळवारी साडेचार वाजता

"इतका येळ काय ऐकताय?" गजराबाईंनी विचारलं.

मी हातानेच त्यांना गप्प राहायची खूण केली. त्यांच्या छातीच्या उजव्या अंगाला, वरच्या फासळीखाली स्टेथोस्कोप टेकवून मी खाटेवर वाकलो होतो. वीज नुकतीच आली होती, खिडकीखालचा जनरेटर बंद झाला होता आणि दिवसभरात पहिल्यांदाच वॉर्डात शांतता होती. त्या शांततेत मला एक आवाज ऐकू येत होता. ओल्या लाकडात करवत फिरावी तसा, प्रत्येक ठोक्याबरोबर खरखरत वर चढणारा. मी स्टेथोस्कोप मानेच्या शिरेवर ठेवला. तिथेही तोच. मग मनगटाची नाडी धरली. ती बोटाला धक्का देत नव्हती. आळसावल्यासारखी हळूहळू वर येत होती.

गजराबाई मदने, वय एक्याऐंशी, फलटणपासून बारा मैलांवरच्या वाडीतल्या. आदल्या संध्याकाळी अंगणात पडून त्यांच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला वजन बांधून त्यांना निजवलं होतं. बुधवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि भूल मी देणार होतो.

"आजी, पडलात कशा?"

"पाय घसरला."

"घसरला, की आधी अंधारी आली?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा मुलगा पोपट बाहेर बाकावर बसला होता. त्यांनी आवाज खाली आणला. "अंधारी आली. गोठ्याकडनं चढ चढून आले आन् डोळ्याम्होरं काळं झालं. पर पोपटाला सांगू नगा. त्यो मला घर सोडाय लावल."

मी मान हलवली आणि चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.

"काय हाय मग?"

"काही नाही," मी म्हणालो. "पडून राहा निवांत."

केसपेपरवर मी लिहिलं, 'तपासले. उद्या सकाळी चर्चा.' खाली सही केली. वेळ लिहिली नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. उदय कारखानीसचं चाळीस खाटांचं हाडांचं हॉस्पिटल तेव्हा भरात होतं. उदय आणि मी एकाच वर्षी कॉलेजातून बाहेर पडलो. त्याने हॉस्पिटल काढलं त्या दिवसापासून त्याच्या टेबलावर भूल देत होतो तो मीच. बावीस वर्षं. म्हाताऱ्या पेशंटला टेबलावर घ्यायचं की नाही, हे मी ठरवायचो. नाडी बघायची, छाती ऐकायची, ईसीजीची पट्टी आणि रक्ताचे कागद चाळायचे आणि उदयच्या केबिनमध्ये जाऊन "चालेल" किंवा "नको" एवढंच म्हणायचं. उदय कधी कारण विचारायचा नाही. "भास्करचा हात नाडीवर पडला की निकाल लागला," असं तो नातेवाइकांना सांगायचा. मी शेजारी उभा असलो की जरा मोठ्याने सांगायचा.

मग गजराबाई येण्याच्या दीड वर्ष आधी इरावती पोंक्षे आली. वय बत्तीस. मेडिसिनमध्ये एम.डी. केल्यावर वृद्धांच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेऊन आलेली. तिने चार पानांचा एक तक्ता आणला. त्यात हृदय-फुप्फुसं होतीच, पण बाकीचं काय काय होतं ते वाचून मला पहिल्या दिवशी हसू आलं. एका दमात किती पायऱ्या चढता? वर्षभरात किती वेळा पडलात? स्वयंपाक कोण करतं? गोळ्या कोण काढून देतं? ती म्हाताऱ्यांना हाताची मूठ आवळायला लावायची, घड्याळाचं चित्र काढायला लावायची. जे चालू शकत त्यांना खाटेपासून दारापर्यंत चालवायची आणि सेकंद मोजायची. मी उदयला म्हटलं होतं की ही मुलगी ऑपरेशनसाठी पेशंट निवडतेय की शाळेत घालायला.

उदय हसला नाही.

पहिल्या काही महिन्यांतच एक निवृत्त तलाठी आले होते, गुडघा बदलायला. मी "चालेल" म्हणालो होतो. इरावतीने लिहिलं की यांना घड्याळाचे काटे लावता येत नाहीत. ऑपरेशननंतर हे काही दिवस भ्रमात जातील, घरच्यांना आधी सांगून ठेवावं आणि शक्य असेल तर ऑपरेशन टाळावं. ऑपरेशन झालं, भूल उत्तम उतरली. तिसऱ्या दिवशी तलाठी बायकोला ओळखेनासे झाले, सलाइन उपसून वॉर्डभर जमिनीचे सर्व्हे नंबर ओरडत फिरले. घरी गेले तेही पूर्वीसारखे होऊन नाहीच. उदय सगळ्या स्टाफसमोर म्हणाला, "इरावतीने सांगितलं होतं." माझ्याकडे न बघता म्हणाला, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर उदयच्या केबिनमध्ये तिसरी खुर्ची आली. माझा "चालेल" आता तिच्या चार पानांच्या शेवटी यायचा. खेड्यातली माणसं "त्या बाई डाक्टर कुठायत" विचारत यायची, तिच्यासाठी पेरू आणि हुरडा आणायची. तिने कोल्हापूरच्या परिषदेत आमच्या हॉस्पिटलमधल्या एकशे ऐंशी पेशंटांवर निबंध वाचला. त्या एकशे ऐंशी जणांना भूल मी दिली होती. निबंधात माझा उल्लेख 'भूलतज्ज्ञ' असा होता, तोही एका ठिकाणी. उदयने तो निबंध काचेखाली लावला होता आणि येता-जाता माझी नजर तिकडे जायची.

घरी जेवताना मी तिच्या चुका सांगायचो. एक दिवस माझी बायको सुमन ताट उचलताना म्हणाली, "प्रेमात पडलेला माणूससुद्धा इतक्या वेळा नाव घेत नाही." ती हसत होती. मी चिडलो आणि ताटावरून उठून गेलो.

तर त्या मंगळवारी सकाळी इरावतीने गजराबाईंना तपासलं होतं. तिचं टिपण माझ्यापुढे होतं. 'एकटी राहते, स्वतः रांधते, शेळ्या सांभाळते, स्मृती उत्तम. वर्षात एकदाच पडली, पाय घसरून. छातीत विशेष काही नाही. जोखीम मध्यम. चोवीस तासांत ऑपरेशन करावं, उशीर केल्यास जास्त धोका. कण्यातून भूल द्यावी.'

छातीत विशेष काही नाही.

ती चुकली कशी, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सकाळी अकराला वीज गेलेली, जनरेटर खिडकीखाली धडधडतोय, भेटीला आलेल्यांचा गलका. त्या गोंगाटात माझ्याही कानाला तो आवाज लागला नसता. पण मला तो लागला होता, आणि त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडाची झडप गजराबाईंच्या छातीत दगडासारखी कडक झाली होती आणि रक्ताला चिंचोळी फट तेवढी उरली होती. म्हणूनच चढ चढताना अंधारी आली. अशा माणसाला कण्यात भूल दिली की रक्तदाब धाडकन खाली येतो. धडधाकट हृदय त्यातून सावरतं. हे सावरत नाही. टेबलावरच सगळं संपू शकतं.

करायचं काय तेही मला माहीत होतं. दोन गल्ल्या सोडून हृदयतज्ज्ञांचा दवाखाना होता. संध्याकाळीच त्यांना बोलावून सोनोग्राफीसारख्या यंत्राने झडप बघून घ्यायची, आणि भूल बदलायची. एक फोन. इरावती त्या वेळी जिन्याच्या पलीकडच्या खोलीत बसली होती. दार उघडं होतं, मला तिची पाठ दिसत होती.

दर बुधवारी सकाळी साडेआठला उदयच्या केबिनमध्ये सगळ्यांची बैठक व्हायची. उदय, इरावती, हाताखालचे डॉक्टर, थिएटरच्या सिस्टर. गजराबाईंचं ऑपरेशन अकराला होतं. मी ठरवलं की बैठकीत सांगायचं. इरावतीला तिचं टिपण वाचू द्यायचं. 'छातीत विशेष काही नाही' हे तिच्या तोंडून सगळ्यांना ऐकवायचं. मग शांतपणे म्हणायचं, "एकदा परत ऐकता का?" वाक्यसुद्धा ठरलं होतं. गाडीत बसल्यावर मी ते दोनदा म्हणून पाहिलं. म्हातारीला त्यात काही धोका नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. साडेआठ आणि अकराच्या मध्ये अडीच तास होते.

बुधवारी पावणेसातला फोन आला. रविवार पेठेतल्या एका प्रसूतिगृहात एक बाई अडली होती, ताबडतोब सिझेरियन करायचं होतं. गावात भूलतज्ज्ञ आम्ही तिघेच, आणि त्या दवाखान्यात नेहमी मीच जायचो. साडेआठपर्यंत मोकळा होईन, असा हिशेब करून निघालो. निघताना उदयला फोन करून झडपेचं सांगता आलं असतं. हातात फोन होताही. पण मग बैठकीत सांगायला काय उरलं असतं?

बाळ नीट आलं. बाईचं रक्त थांबेना. गर्भाची पिशवी सैल पडली होती. आठ वाजले, सव्वाआठ झाले. मी एका हाताने सलाइन दाबत होतो, दुसऱ्याने रक्ताची पिशवी जोडत होतो. तेवढ्यात तिथल्या सिस्टर माझा मोबाइल घेऊन आत आल्या. कारखानीसांकडून निरोप होता. सरांना दुपारी साताऱ्याला जायचंय, म्हणून बैठक रद्द केलीय आणि मदनेबाईंना नऊला घेतायत. तुम्ही अडकलाय हे कळलंय, काळजी करू नका, निखिल सरांना बोलावलंय. एवढं सांगून फोन ठेवलाही होता.

निखिल हा आमच्यातला सगळ्यांत नवा. टिपणात कण्यातून भूल लिहिलेली. तो तेच करणार.

सिस्टरना म्हटलं, थिएटरला फोन लावा. कोणी उचलला नाही. उदयचा मोबाइल लावायला सांगितला. बंद. ऑपरेशनच्या आधी तो बंदच ठेवायचा. स्वागतकक्षाचा फोन सारखा एंगेज्ड. समोर ती बाई पांढरी पडलेली, तिला सोडून मला हलता येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले.

"अजून कुणाला लावू, सर?" सिस्टरनी विचारलं.

इरावतीचा नंबर त्या मोबाइलमध्ये होता. ती आठपासून वॉर्डात असते, तिचा फोन कधी बंद नसतो, हे मला माहीत होतं.

"नको," मी म्हणालो. "मीच निघतो आता."

मला निघायला नऊ वाजून दहा मिनिटं झाली. बाईचं रक्त थांबलं होतं, दाब वर आला होता. रविवार पेठेतून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत मी काय काय कबूल केलं, कुणाकुणाला, ते सांगण्यात अर्थ नाही. कण्यात औषध गेल्यावर दाब पडायला लागतात पाच ते दहा मिनिटं, हेच मनात मोजत होतो.

थिएटरच्या बाहेर निखिल बाकावर बसून चहा पीत होता.

"रद्द झालं, सर," तो उठून म्हणाला. "इरावती मॅडमनी थांबवलं. झडपेचा आवाज आहे म्हणे. तुम्हीच शोधलात ना?"

मी वॉर्डात गेलो. गजराबाई कुशीवर होत्या आणि हृदयतज्ज्ञ आपलं फिरतं यंत्र लावून पडद्याकडे बघत होते. उदय शेजारी उभा होता. इरावती पडद्यावरचे आकडे टिपून घेत होती. झडप जवळजवळ बंद होती. हृदयतज्ज्ञ म्हणाले, कण्यातून भूल दिली असती तर बाई गेली असती.

म्हातारी वाचली हे दिसल्यावर मला पहिलं काय वाटलं, ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, हेसुद्धा हिनेच पकडलं. सुटकेचा श्वास त्याच्या नंतर आला.

मग उदय माझ्याकडे वळला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "भास्कर, तुझा कान म्हणजे कान आहे," तो म्हणाला. मला काही समजेना. इरावतीने केसपेपर माझ्यापुढे धरला. माझ्या टिपणाखाली तिने लिहिलं होतं, 'डॉ. भास्कर चिवटे यांना महाधमनीच्या झडपेचा आवाज ऐकू आला. माझ्या तपासणीत तो निसटला होता. त्यानुसार ऑपरेशन थांबवून हृदयाची तपासणी.' खाली तिची सही, आणि वेळ, आठ चाळीस.

"उद्या सकाळी घेऊ या," ती म्हणाली. "भूल तुम्हीच द्यावी असं मी सरांना सांगितलंय."

गुरुवारी सकाळी घेतलं. उशीर करूनही चालणार नव्हतं; अशी मोडलेली माणसं अंथरुणावर पडून राहिली की न्यूमोनियाने जातात. मांडीच्या वरची नस बधिर केली, मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घातली म्हणजे ठोक्याठोक्याला दाब दिसेल, आणि मग थेंबाथेंबाने पूर्ण भूल दिली. दोनदा दाब घसरला. दोन्ही वेळा वेळेत उचलला. सव्वा तास इरावती माझ्या डाव्या हाताला उभी होती. एकदाही मध्ये बोलली नाही. तिने बोलावं, काहीतरी चुकीचं सुचवावं, असं मला सारखं वाटत होतं.

गजराबाई दुसऱ्या दिवशी खाटेवर बसल्या. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या.

शनिवारी उदयने रद्द झालेली बैठक घेतली. बावीस वर्षांत त्याने माझं इतकं कौतुक केलं नव्हतं. तक्ते हवेतच, तो म्हणाला, पण तक्त्याच्या मागे अनुभवी कान लागतो. इरावती, हे तू भास्करकडून शिकून घे. "हो, सर," इरावती म्हणाली. मला दीड वर्ष जे हवं होतं ते सगळं त्या खोलीत, सगळ्यांसमोर, माझ्या पदरात पडत होतं. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला असेल.

बैठक संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. माझं टिपण तर 'उद्या चर्चा' एवढंच होतं. मला आवाज ऐकू आला हे तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

तिने सांगितलं. बुधवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला गजराबाईंना थिएटरचे कपडे घालत असताना त्यांनीच तिचा हात धरला होता. म्हणाल्या, काल त्या मोठ्या डाक्टरनं इथं लई येळ कान लावला आन् त्याचं तोंड बदललं. इचारलं तर काही नाही म्हणाला. गजराबाई वाडीतल्या सुईण होत्या. पन्नास वर्षं पोटुशा बायांच्या पोटाला कान लावलेल्या. ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं ते तोंडावर कसं उमटतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इरावतीने वॉर्डातले पंखे बंद करायला लावले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे ऐकलं.

"मग असं का लिहिलंत?" मी विचारलं. "खोटं का लिहिलंत?"

"खोटं कुठे आहे? तुम्हीच शोधलंत. मी फक्त तुमची वेळ लिहिली नाही."

वर कुणी ऐकत नाही ना, ते मी वाकून पाहिलं.

"मी तक्रार केली असती तर सरांनी तुम्हाला काढलं असतं," ती म्हणाली. "किंवा काढलं नसतं, आणि तुम्ही माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलला नसता. दोन्हीत पुढच्या म्हातारीचं काय? माझ्या कानाला अजून सगळं लागत नाही, चिवटे सर. मला तुमचा कान हवाय. म्हणून लिहिलं."

तिच्या आवाजात राग नव्हता असं नाही. हात कठड्यावर घट्ट होता. पण एवढं बोलून ती वर निघून गेली. तिने मला पेचात पकडण्यासाठी हे केलं, स्वतः मोठी ठरण्यासाठी केलं, असं मी त्या संध्याकाळी स्वतःला पटवायचा खूप प्रयत्न केला. थोडं पटलंही.

गजराबाईंना घरी सोडलं त्या दिवशी मी मुद्दाम वॉर्डात गेलो. पोपट बाहेर जीप बघायला गेला होता. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "आजी, मंगळवारी मी तुम्हाला काही नाही म्हणालो. ते खरं नव्हतं."

"ठावं हाय की."

"मी सांगायला हवं होतं."

"मला सांगितलं असतं तर मी काय पळून जानार व्हते व्हय, मोडक्या पायानं?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, चादरीच्या चुण्या काढत बोलल्या. "मला न्हाई सांगितलं त्याचं काय न्हाई. त्या पोरीला का न्हाई सांगितलं? आमच्यात अडल्या बाईच्या उशाला दोन सुइणी बसल्या, तर येकीला जे कळलं ते दुसरीला तिथल्या तिथं सांगायचं आसतं. भांडान काय आसंल ते पोर भाईर आल्यावर."

पोपट आला आणि त्यांना उचलून घेऊन गेला.

मी दप्तरखोलीत गेलो. सुटलेल्या पेशंटचे कागद तिथे महिनाभर पडून असायचे. गजराबाईंची फाइल काढली. माझ्या टिपणातल्या सहीपुढे जागा होती. तिथे मी लिहिलं, 'झडपेचा आवाज व अंधारी आल्याचा इतिहास तपासणीच्या वेळीच समजला. मंगळवार, दुपारी साडेचार. कोणालाही कळवले नाही.' हे नंतर लिहिलं आहे म्हणून त्या दिवसाची तारीख घातली आणि पुन्हा सही केली. फाइल जागेवर ठेवली. ती कुणी उघडणार नाही अशीही शक्यता होती, आणि खोटं कशाला बोलू, मला तशी आशाही होती.

पण महिन्याच्या शेवटी सत्तरीच्या पुढच्या सगळ्या पेशंटांच्या फायली बैठकीत वाचायची पद्धत इरावतीनेच पाडली होती. त्या दिवशी अकरा फायली होत्या. मदने सातवी. ती सरळ सुरात वाचत गेली. स्वतःची तपासणी, 'छातीत विशेष काही नाही', मग माझं टिपण. माझ्या नव्या ओळीवर ती थांबली. तिने ती आधी पाहिली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिने वर पाहिलं. ओळ गाळून पुढे जाणं तिला शक्य होतं, आणि क्षणभर ती तसं करील असं वाटलं.

तिने ती वाचली. सगळी.

"साडेचार?" उदय म्हणाला. "कधीचे साडेचार?"

"मंगळवारचे," मी म्हणालो.

"म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचे?"

"हो."

उदयने इरावतीला पुढची फाइल घ्यायला सांगितलं. बाहेर पडताना तो माझ्या आधी उठला, माझ्यासाठी थांबला नाही.

चार महिने त्याने मला बोलावलं नाही. भूल निखिल देत होता. मी गावातल्या बाकीच्या दवाखान्यांत काम करत होतो. लोक विचारायचे, कारखानीसांकडे हल्ली दिसत नाही? मी काहीबाही सांगायचो. उदयच्या केबिनमधली माझी खुर्ची आता कोण वापरतं, हा विचार मात्र दिवसातून एकदा तरी यायचाच, आणि उत्तर मला माहीत असायचं.

दिवाळीनंतर एका दुपारी इरावतीचा फोन आला. एक शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत, ती म्हणाली, खुबा मोडलाय. छातीत काहीतरी ऐकू येतंय, पण झडप आहे की आणखी काही, मला नक्की ठरवता येत नाही. हृदयतज्ज्ञ गावाला गेलेत. कारखानीस सरांना विचारलंय, ते हो म्हणालेत. येऊन ऐकता का?

मी निघालो. गाडी चालवताना माझ्या लक्षात आलं की मला आनंद झालाय, आणि कशाचा झालाय हेही लक्षात आलं. उदयने बोलावलं याचा थोडा. बाकी सगळा, तिला कळलं नाही याचा. चार महिन्यांनी तो जुना मत्सर तसाच, ताजा, जिथल्या तिथे होता.

वॉर्डाच्या दारात ती उभी होती. मी स्टेथोस्कोप खिशातून काढला, कानाला लावणार होतो, पण हातातच धरला.

"आधी तुम्ही लावा," मी म्हणालो. "कुठे ऐकू येतं ते मला दाखवा. मग दोघांनी ऐकू."

तिने पंखा बंद करायला सांगितला आणि आम्ही खाटेच्या दोन बाजूंना वाकलो.